गाळात मुरलेले धातू

स्पेनच्या नैऋत्य कोपऱ्यात, अंदालुसिया प्रांतात, रिओ तिंतो नावाची नदी आहे. पेन्या दे इएर्रो या जुन्या खाणीच्या परिसरात ती उगम पावते आणि सुमारे 100 किलोमीटर वाहत जाऊन उएल्वा शहरापाशी अटलांटिक महासागराला मिळते. तिचं पाणी गडद लाल आहे. काठावरचे दगड पिवळ्या, केशरी आणि तपकिरी पोपड्यांनी माखलेले असतात. पाण्याचा सामू 2 ते 2.5 च्या आसपास असतो. शुद्ध पाण्याचा सामू 7 आणि सामूचा एकेक अंक खाली आला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे या नदीचं पाणी शुद्ध पाण्याच्या तीस हजार ते एक लाख पट आम्ल आहे.

तिच्या शेजारून ओदिएल ही दुसरी नदी वाहते. तिचीही कहाणी अशीच. उएल्वा विद्यापीठातल्या संशोधकांनी 1995 ते 2003 या काळातल्या नोंदींवरून एक हिशोब मांडला होता. या दोन नद्या मिळून दरवर्षी किती धातू पाण्यात विरघळलेल्या रूपात समुद्राकडे नेतात, याचा तो हिशोब. लोखंड अंदाजे 7,900 टन, जस्त 3,500 टन, तांबं 1,700 टन. आणि आर्सेनिक? अवघं 36 टन.

हा शेवटचा आकडा थांबून पाहण्यासारखा आहे. या भागातल्या खनिजात आर्सेनिक चांगल्यापैकी आहे. खडकातून ते सुटतंही. पण समुद्रापर्यंत विरघळलेल्या रूपात पोहोचतं ते फार थोडं. बाकीचं वाटेतच कुठेतरी बसतं. जस्त मात्र जवळजवळ बिनबोभाट वाहून जातं. एकाच पाण्यातल्या, एकाच खडकातून आलेल्या दोन पदार्थांच्या नशिबात एवढा फरक का पडतो, याचं उत्तर काठावरच्या त्या पिवळ्या-केशरी पोपड्यांत आहे. लोखंड आणि सल्फेट मिळून बनलेल्या खनिजांचा तो साका आहे आणि प्रत्येक धातूला तो वेगळी वागणूक देतो.

खडक आंबतो तेव्हा

मुळात हे पाणी आम्ल होतं ते लोहमाक्षिकामुळे. लोखंड आणि गंधक यांचं हे सोनेरी चमकीचं खनिज जमिनीखाली, हवेपासून दूर असेपर्यंत शांत असतं. खाण खणली, डबराचे ढीग उघड्यावर पडले, की त्याला प्राणवायू आणि पाणी मिळतं. गंधकाचं सल्फेट होतं, लोखंड फेरस रूपात पाण्यात उतरतं आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. पुढे फेरस लोखंडाचं फेरिक होतं, आणि हे फेरिक लोखंड उलटून पुन्हा लोहमाक्षिकावरच हल्ला करतं. चक्र एकदा फिरू लागलं की थांबवणं कठीण.

आम्ल पाण्यात फेरसचं फेरिक होण्याची क्रिया खरं तर अतिशय संथ असते. ती वेगाने घडवणारे जीवाणू 1947 मध्ये अमेरिकेतल्या कोळसा खाणींच्या पाण्यात कोल्मर आणि हिंकल या शास्त्रज्ञांना सापडले. अशा जीवाणूंमुळे या क्रियेचा वेग दहा लाख पटींपर्यंत वाढू शकतो, हे 1970 च्या सुमारास स्पष्ट झालं. रिओ तिंतोच्या पाण्यातही असे जीवाणू विपुल आहेत. ही नदी माणसाने खाणकाम सुरू करण्याआधीपासून काही प्रमाणात आम्ल होती, असंही तिच्या जुन्या, उंचावर राहिलेल्या लोहयुक्त थरांवरून दिसतं. गेल्या दीडशे वर्षांतल्या प्रचंड खाणकामाने मात्र तिचा भार कितीतरी वाढवला.

लोहमाक्षिक सहसा एकटं नसतं. त्याच्या सोबतीला जस्ताचं, तांब्याचं, शिशाचं सल्फाइड असतं. खुद्द त्याच्या स्फटिकातही आर्सेनिक, कॅडमियम, थॅलियम, चांदी असे धातू किरकोळ प्रमाणात असतात. खडक आंबला की हे सगळे एकदमच पाण्यात उतरतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पावसाळ्यात गोव्यातल्या खाणपट्ट्यातून वाहणारं लाल पाणी पाहिलेल्या वाचकाला ते याच जातीचं वाटेल. ते तसं नाही. गोव्याचं लोहखनिज मुख्यतः ऑक्साइड स्वरूपाचं आहे. त्यात गंधक नगण्य, त्यामुळे तिथला लाल रंग हा बारीक मातीचा आहे, आम्लाचा नाही. त्या गाळाने शेतांचं आणि नद्यांचं जे नुकसान केलं ते खरंच आहे, पण त्याचं रसायन निराळं. आपल्या देशात आम्ल पाण्याचं ठळक उदाहरण पाहायचं तर मेघालयात जावं लागतं. जैंतिया टेकड्यांमधल्या कोळशात गंधकाचं प्रमाण मोठं आहे. तिथल्या अरुंद बिळांसारख्या खाणींवर राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल 2014 मध्ये बंदी घातली. त्या खाणींनी खालच्या ओढ्यांना केशरी आणि आंबट करून ठेवलं आहे.

यलो बॉय

अमेरिकेतले कोळसा खाणकामगार ओढ्याच्या तळाशी बसणाऱ्या या पिवळ्या-केशरी साक्याला ‘यलो बॉय’ म्हणत. रसायनशास्त्रज्ञांची समजूत अशी होती की हा म्हणजे साधा, आकारउकार नसलेला लोखंडाचा हायड्रॉक्साइड. क्ष-किरणांच्या परीक्षेत त्याच्या स्फटिकांची खूण इतकी पुसट उमटे की तो नीटसा ओळखूच येत नसे. अखेर 1994 मध्ये जेरी बिगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला स्वतंत्र खनिज म्हणून मांडलं. फिनलंडमधल्या प्यूहासाल्मी खाणीतला नमुना त्यासाठी प्रमाण मानला गेला. म्युनिकचे मृदाशास्त्रज्ञ उदो श्वेर्टमान यांच्या नावावरून त्याला श्वेर्टमानाइट हे नाव मिळालं.

हे खनिज साधारण 3 ते 4.5 सामूच्या पाण्यात तयार होतं. त्यात लोखंड आणि ऑक्सिजनची चौकट असते आणि त्या चौकटीत लांबट बोगदे. बोगद्यांमध्ये सल्फेटचे आयन बसलेले असतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा कण म्हणजे हुबेहूब कदंबाचं फूल: मध्ये गोळा आणि चहूबाजूंनी बाहेर आलेल्या बारीक सुया. या सुयांमुळे एक ग्रॅम श्वेर्टमानाइटचं पृष्ठफळ शंभर-दोनशे चौरस मीटर भरू शकतं. एवढ्या पृष्ठभागावर चिकटायला जागाच जागा.

पण चिकटतं कोण? इथे विद्युतभार निर्णायक ठरतो. आम्ल पाण्यात या कणांच्या पृष्ठभागावर धन भार असतो. जस्त, कॅडमियम, निकेल, तांबं हे पाण्यात धन भार घेऊनच वावरतात. त्यामुळे पृष्ठभाग त्यांना दूर ढकलतो. आर्सेनिकचं तसं नाही. ते आर्सेनेटच्या रूपात, ऋण भार घेऊन येतं, आणि पृष्ठभाग त्याला ओढून घेतो. क्रोमेट, व्हॅनेडेट, मॉलिब्डेट यांचंही तेच.

आर्सेनेट नुसतं पृष्ठभागावर थांबत नाही. त्याचा आकार आणि घडण सल्फेटशी बरीच मिळतीजुळती असते. दोन्हींत मधोमध एक अणू आणि भोवती चार ऑक्सिजन. त्यामुळे ते सल्फेटला हटवून लोखंडाशी थेट बंध जोडतं. हा बंध सहजी तुटत नाही. तिंतो-ओदिएलच्या खोऱ्यात वाटेतच मुक्काम ठोकणाऱ्या आर्सेनिकचा मोठा वाटा असा या पिवळ्या गाळात जातो.

शिसं थोडं वेगळं वागतं. धन भाराचं असूनही ते लोखंडाच्या ऑक्साइडांना तुलनेने कमी सामूलाच चिकटू लागतं, तांबं त्याच्या नंतर. जस्ताला त्याहून बरंच वर, सामू 6-7 च्या घरात यावं लागतं, आणि कॅडमियम व निकेल त्याच्याही मागे राहतात. ओढ्यात वरून खाली येताना स्वच्छ पाण्याचे प्रवाह मिळत गेले आणि सामू हळूहळू चढत गेला, तर धातू याच क्रमाने एकामागून एक गाळात उतरतात. म्हणूनच एखाद्या खाणीखालच्या ओढ्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचा गाळ तपासला तर प्रत्येक ठिकाणी वेगळा धातू साठलेला दिसतो. ‘गाळात धातू किती’ हा प्रश्न एका नमुन्यावरून सोडवू पाहणाऱ्या अहवालांवर त्यामुळेच फारसा विश्वास ठेवता येत नाही.

श्वेर्टमानाइटची अडचण अशी की ते टिकाऊ नाही. काही महिन्यांत किंवा वर्षांत त्याचं हळूहळू गोएथाइट या अधिक स्थिर लोहखनिजात रूपांतर होतं. या बदलात बोगद्यांतलं सल्फेट बाहेर पडतं, पाणी आणखी आम्ल होतं आणि पृष्ठफळही घटतं. मग आत शिरलेल्या आर्सेनिकचं काय होणार? निसर्गाने इथे एक विलक्षण सोय करून ठेवली आहे. आर्सेनिक भरपूर शोषलेलं श्वेर्टमानाइट रूपांतराला बराच काळ दाद देत नाही. पाहुण्यामुळेच घर टिकून राहतं. मात्र गाळ खोल पुरला गेला, तिथला प्राणवायू संपला आणि फेरस लोखंड पुन्हा तयार होऊ लागलं, तर तेच फेरस या रूपांतराला जोरदार चालना देतं. तळ्यांच्या आणि खाड्यांच्या तळाशी साठलेल्या अशा गाळाबद्दल शास्त्रज्ञांना वाटणारी काळजी यातूनच आली आहे.

रोमनांची चांदी

सामू 3 च्या खाली गेला आणि पाण्यात पोटॅशियम किंवा सोडियम असलं, तर श्वेर्टमानाइटऐवजी जारोसाइट तयार होतं. मधासारख्या पिवळ्या रंगाचं हे खनिज. स्पेनमधल्याच सिएरा अल्माग्रेरा डोंगरातल्या खारोसो नावाच्या घळीवरून 1852 मध्ये जर्मन खनिजशास्त्रज्ञ आउगुस्ट ब्राइटहाउप्ट यांनी त्याचं नामकरण केलं.

श्वेर्टमानाइट ढिलं आणि अस्ताव्यस्त, तर जारोसाइट नेटका, घट्ट स्फटिक. त्यात तीन प्रकारच्या जागा असतात. पहिली मोठी जागा पोटॅशियमची. दुसरी फेरिक लोखंडाची. तिसरी सल्फेटची. धातूला आत शिरायचं तर यांपैकी एखाद्या जागेचा मालक हटवून तिथे बसावं लागतं, आणि त्यासाठी आकार आणि भार दोन्ही जुळावे लागतात.

पोटॅशियमच्या ऐसपैस जागेत सोडियम येतं, चांदी येते, थॅलियम येतं, शिसंही येतं. थॅलियमचा आयन तर आकाराने पोटॅशियमच्या इतका जवळ आहे की स्फटिकाला फारसा फरक जाणवतच नाही. हा अत्यंत विषारी धातू प्राण्यांच्या पेशींनाही याच कारणाने फसवतो. शिशाचा भार मात्र दुप्पट. म्हणून एक शिसं दोन पोटॅशियमच्या मोबदल्यात बसतं आणि एक जागा रिकामी राहते. या रूपाला प्लंबोजारोसाइट म्हणतात. लोखंडाच्या जागी ॲल्युमिनियम सहज बसतं. तांबं किंवा जस्त बसू पाहतं तेव्हा भार कमी पडतो, आणि ही तूट भरून काढायला शेजारच्या जागेत पोटॅशियमऐवजी शिसं असावं लागतं. शिसं आणि तांबं असे जोडीने आत आलेलं बीव्हराइट नावाचं खनिज आहे. सल्फेटच्या जागी आर्सेनेट येतं तेव्हाही असाच जमाखर्च जुळवावा लागतो. एका जागेतली अदलाबदल दुसऱ्या जागेवर अवलंबून असते, ही या खनिजकुळाची खरी गंमत.

चांदीच्या बाबतीत या रसायनाने इतिहास घडवला. रिओ तिंतोच्या डोंगरात वरच्या भागातलं लोहमाक्षिक लाखो वर्षं आंबत राहिलं आणि त्याची लाल लोखंडी टोपी बनली. त्या टोपीच्या तळाशी, खालच्या न आंबलेल्या खडकाला लागून, जारोसाइटयुक्त मातीचे थर साठले. वरून झिरपणाऱ्या आम्ल पाण्यातली चांदी पोटॅशियमच्या जागेत अडकत गेली आणि मूळ खडकात विखुरलेली चांदी या पातळ थरांत एकवटली. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमारास फिनिशियन व्यापारी या किनाऱ्यावर आले ते मुख्यतः चांदीसाठी. पुढे रोमनांनी हेच थर पद्धतशीर खणले. या मातीत शिसं पुरेसं नसे, म्हणून भट्टीत ते बाहेरून घालावं लागे. वितळलेलं शिसं चांदी गोळा करून घेई आणि मग शिसं जाळून चांदी वेगळी केली जाई. त्या भट्ट्यांच्या मळीचे ढीग लक्षावधी टनांचे होते.

पुढे ब्रिटिश भांडवलदारांनी 1873 मध्ये स्पेन सरकारकडून या खाणी विकत घेतल्या आणि नदीचंच नाव लावून कंपनी काढली. त्यांना चांदीपेक्षा तांबं आणि गंधक हवं होतं. रोमनांनी ज्या मातीला भाव दिला ती या नव्या धंद्यात मागे पडली.

हिराकस आणि लोणा

आतापर्यंतची दोन्ही खनिजं पाण्यात सहज विरघळत नाहीत. लोहसल्फेटांची आणखी एक फळी आहे, जी विरघळते, आणि तिचं वागणं सगळ्यात धोकादायक आहे.

हिराकस आपल्याकडे जुनी ओळखीची वस्तू. रसशास्त्रात तिला कासीस म्हणतात. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातली की काळी शाई होते, आणि कापड रंगवणारेही तिचा असाच वापर करत. खनिजशास्त्रात याच फेरस सल्फेटच्या नैसर्गिक स्फटिकांना मेलँटेराइट म्हणतात. खाणीच्या भिंतींवर, डबराच्या ढिगांवर, कोरड्या पडलेल्या ओढ्याच्या काठावर पाणी सुकलं की हिरवट, पांढरे, पिवळे क्षार फुलून येतात. जुन्या भिंतीला लोणा लागतो तसाच हा प्रकार, फक्त इथल्या लोण्यात विषारी धातू ठासून भरलेले असतात.

मेलँटेराइटमध्ये फेरस लोखंडाच्या जागा असतात, आणि जस्त, तांबं, मॅग्नेशियम, निकेल, कोबाल्ट या सगळ्यांचे आयन भाराने फेरससारखे आणि आकाराने त्याच्या जवळचे. त्यामुळे जे धातू श्वेर्टमानाइटने हाकलून लावले ते इथे बिनविरोध आत येतात. जस्त आणि कॅडमियमला आम्ल पाण्यात मिळणारा हाच मुख्य घन आसरा, आणि तोही पुढच्या पावसापुरता.

याचा सर्वांत सविस्तर अभ्यास झाला तो कॅलिफोर्नियात, रेडिंग शहराजवळच्या आयर्न माउंटन इथे. तिथलं खाणकाम 1963 मध्ये संपलं, पण आम्ल पाणी संपलं नाही. तिथल्या रिचमंड खाणीच्या आत, अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे किर्क नॉर्डस्ट्रॉम आणि चार्ल्स आल्पर्स यांनी 1990 च्या सुमारास जे पाणी गोळा केलं त्याचा सामू उणे 3.6 पर्यंत खाली गेलेला आढळला. शून्याच्या खाली. एका लिटरमध्ये 200 ग्रॅमपर्यंत धातू आणि 760 ग्रॅमपर्यंत सल्फेट. खाणीतलं तापमान 47 अंशांपर्यंत. छतातून मेलँटेराइटचे निळसर हिरवे झुंबरासारखे लोंबते खांब तयार झालेले, आणि सगळ्यात आम्ल पाणी अशा स्फटिकांच्या सान्निध्यातच साचलेलं.

खाणीतून बाहेर येणाऱ्या पाण्यात जस्त आणि तांब्याचं एकमेकांशी प्रमाण ऋतूनुसार बदलताना त्यांना दिसलं. कोरड्या महिन्यांत जस्ताचा वाटा तुलनेने जास्त, पावसाच्या महिन्यांत तांब्याचा वाटा वाढलेला. कारण स्फटिकातच होतं. मेलँटेराइट बनताना ते जस्तापेक्षा तांब्याला अधिक पसंती देतं. उन्हाळ्यात पाणी आटून क्षार साठतात तेव्हा तांबं जास्त अडकतं, आणि उरलेल्या पाण्यात जस्त वरचढ राहतं. हिवाळ्यात पाऊस खाणीत मुरला की क्षार विरघळतात आणि साठवलेलं तांबं एकदम बाहेर येतं. खाणीच्या मुखाशी बसून केवळ दोन धातूंचं प्रमाण मोजत राहिलं, तर आत, जिथे माणूस जाऊ शकत नाही तिथे, कोणतं खनिज बनतं आहे आणि कोणतं विरघळतं आहे हे ओळखता येतं. भूरसायनशास्त्रातली ही एक अतिशय देखणी कामगिरी आहे.

तिचा उपयोग प्रत्यक्ष निर्णयासाठीही झाला. अशा खाणीवरचा सोपा वाटणारा उपाय म्हणजे तिची तोंडं बुजवायची, ती पाण्याने भरू द्यायची, म्हणजे प्राणवायू आत जाणार नाही. नॉर्डस्ट्रॉम आणि आल्पर्स यांनी 1999 मध्ये दाखवून दिलं की असं केलं तर आत साठलेले क्षार विरघळतील आणि डोंगराच्या पोटात सुमारे सहा लाख घनमीटर पाणी साचेल, ज्याचा सामू 1 किंवा त्याहून कमी असेल. ते कुठूनही फुटून बाहेर आलं तर सॅक्रामेंटो नदीच्या खोऱ्याला धोका, जिथे सामन माशांची वीण होते आणि जिच्या पाण्यावर शहरं अवलंबून आहेत. तोंडं बुजवायचा विचार मागे पडला आणि बाहेर येणारं पाणी गोळा करून चुन्याने शुद्ध करण्यावर भर राहिला. हे काम वर्षानुवर्षं चालू ठेवावं लागणार आहे.

पहिल्या पावसाचा हा धोका भूमध्य समुद्राकाठच्या आणि मोसमी हवामानाच्या प्रदेशांत सर्वांत जास्त. सहा-आठ महिने कोरडे आणि मग एकदम सर. वर्षभराचं सरासरी प्रदूषण मोजणाऱ्या अहवालात ही पहिली लाट दिसतच नाही, आणि ओढ्यातले मासे तर त्या एका दिवसातच मरतात. खाणीखालच्या पाण्याचे नमुने पावसाळ्याच्या तोंडावर, पहिल्या सरीबरोबर घेतले नाहीत, तर ती तपासणी अपुरीच म्हणावी लागेल.

आत शिरून पाहणं

धातू पृष्ठभागावर चिकटलाय की स्फटिकात शिरलाय, हे कसं कळतं? एक जुनी रीत म्हणजे गाळाला क्रमाक्रमाने अधिक तीव्र द्रावणांनी धुणं. अंधारात आम्ल ऑक्झलेटच्या द्रावणात श्वेर्टमानाइट लवकर विरघळतं, गोएथाइट जवळपास तसंच राहतं. कोणत्या टप्प्यावर कोणता धातू सुटला यावरून त्याचा पत्ता लागतो. दुसरी रीत सिंक्रोट्रॉनची. त्यातून निघणाऱ्या तीव्र क्ष-किरणांनी आर्सेनिकच्या किंवा शिशाच्या एकेका अणूभोवती कोणते शेजारी किती अंतरावर आहेत हे मोजता येतं. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-2 या यंत्रावर अशा मोजणीची सोय आहे.

कारखान्यातलं जारोसाइट

निसर्गातल्या या निवडीचा उद्योगाने हेतुपूर्वक उपयोग करून घेतला आहे. जस्ताच्या खनिजात लोखंड असतंच, आणि जस्त शुद्ध करताना ते काढून टाकावं लागतं. 1960 च्या दशकात ऑस्ट्रेलिया, नॉर्वे आणि स्पेनमधल्या जस्त कंपन्यांनी जवळजवळ एकाच वेळी एक युक्ती शोधली. गरम, आम्ल द्रावणात सोडियम किंवा अमोनियम मिसळायचं, सामू दीडच्या आसपास ठेवायचा. लोखंड जारोसाइट होऊन तळाशी बसतं आणि जस्त द्रावणातच राहतं. रिओ तिंतोमध्ये जस्ताला समुद्रापर्यंत घेऊन जाणारा गुणच इथे कारखान्याच्या कामी आला.

या सोयीची किंमत म्हणजे पिवळ्या चिखलाचे डोंगर. त्यात थोडं जस्त, शिसं, कॅडमियम उरतंच. काही स्फटिकात, काही नुसतं कणांमध्ये अडकलेलं. राजस्थानात चित्तौडगडजवळच्या चंदेरिया इथल्या जस्त कारखान्यात हा चिखल चुना आणि सिमेंट घालून घट्ट केला जातो. त्याला जारोफिक्स म्हणतात. रस्त्यांच्या भरावात आणि सिमेंट बनवताना त्याचा वापर करता येईल का, यावरही आपल्याकडे काम झालं आहे.

जारोसाइटने मंगळाच्या अभ्यासातही मोठं काम केलं. ऑपॉर्च्युनिटी या अमेरिकन रोव्हरने 2004 मध्ये मेरिडियानी मैदानातल्या खडकात ते शोधलं. जारोसाइट बनायला पाणी लागतंच, आणि तेही आम्ल. त्यामुळे तिथे एकेकाळी पाणी होतं याचा तो भक्कम पुरावा ठरला. त्या मंगळाशी तुलना करायला भारतीय संशोधकांना जागा मिळाली ती कच्छमध्ये, आशापुरा मातेच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेल्या माता नो मढ या गावाजवळ. तिथलं जारोसाइट दख्खनच्या बेसाल्टच्या पट्ट्यात आहे, म्हणजे ज्या लाव्ह्याने सह्याद्री घडवला त्याच लाव्ह्याच्या पसाऱ्यात.

सध्या या विषयातला सर्वांत आशादायक प्रयोग शिशाचा आहे. जुन्या रंगांमुळे, पेट्रोलमुळे आणि कारखान्यांमुळे अमेरिकेतल्या अनेक शहरांच्या मातीत शिसं साठलं आहे. लहान मुलं मातीत खेळतात, हात तोंडात घालतात आणि शिसं पोटात जातं. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेतल्या संशोधकांनी दूषित मातीवर लोहसल्फेटची प्रक्रिया करून तिच्यातल्या शिशाचं प्लंबोजारोसाइट बनवलं आणि ती माती उंदरांना खाऊ घातली. शरीरात शोषलं जाणारं शिसं खूपच घटलेलं आढळलं. याचं कारण जठराच्या आम्लात दडलं आहे. इतर बहुतेक शिशाची संयुगं तिथे विरघळतात. जारोसाइट मात्र आम्लातच जन्मलेलं, त्यामुळे त्याला जठरातला सामू मानवतो आणि शिसं तसंच बाहेर पडतं.

बागेतली माती मात्र उदासीन असते, आणि अशा मातीत जारोसाइट हळूहळू गोएथाइटकडे झुकतं. उपचार केलेल्या मातीतलं शिसं किती वर्षं त्या स्फटिकात बंदिस्त राहील, पाऊस, खत आणि चुना यांनी त्यावर काय परिणाम होईल, याची पाहणी शेतात आणि अंगणात, प्रयोगशाळेबाहेर, दीर्घकाळ करावी लागणार आहे.